घरचा कापूस आणि माझी जखम

माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईची जखम अठरा दिवसांत भरली. माझी भरायला पाच महिने लागले. दोघींचं ऑपरेशन एकाच डॉक्टर मडमेने एकाच आठवड्यात केलं होतं, गाठही दोघींची छातीतच होती. मग फरक कुठे पडला, असं गावातल्या बायका मला अजून विचारतात. त्यांना आजवर जे उत्तर देत आले ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं मला फार उशिरा कळलं. ज्या बाईवर ही वेळ येईल तिला जखमेची निगा कळावी म्हणून हे लिहिते, आणि माझ्या नणंदेसाठीही लिहिते. हे दुसरं लिहिताना हात जड होतो.

नणंदेचं नाव गोदाबाई, पण घरात सगळे तिला नुसतं बाई म्हणत. ह्यांची, म्हणजे माझ्या यजमानांची, ती थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, मूल नव्हतं, म्हणून माहेरी परत आली. मी लग्न होऊन मेडशीजवळच्या ह्या गावात आले तेव्हा अकरा वर्षांची होते आणि घरात सासू नव्हती. माझी वेणी घातली ती बाईने. पहिल्यांदा बाजूला बसले तेव्हा मला जवळ घेऊन समजावलं ते बाईने. दोन्ही बाळंतपणंही तिनेच केली. मी वाशीमला चार इयत्ता शिकलेली आणि स्वभावाने फटकळ. माझं तोंड सुटलं की ती म्हणायची, "सुभद्रे, जिभीले हाड नसते वं. जरा पाह्यून चालवत जाय." मी हसायची आणि तशीच चालवायची.

गाठ

गाठ मला उन्हाळ्यातच लागली होती. मी कुणाला बोलले नाही. हळद-चुन्याचा लेप लावून पाहिला, देवाला नारळ बोलले, आणि पदर डाव्या बाजूला जरा जास्त ओढून घ्यायला लागले. असली जागा पुरुष डॉक्टरला दाखवायची ह्या विचारानेच अंगावर काटा यायचा. दुखत नव्हतं, म्हणून काही नसेल असं मनाला समजावलं. बायांनो, न दुखणारी गाठ हीच खोटारडी असते. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

दिवाळीच्या पहाटे बाई मला तेल लावत होती. घरातल्या सगळ्यांना तेल लावायचा मान तिचा होता. तिचा तळवा काखेजवळ आला आणि थांबला.

"हे काय हाय?"

"काई नाई. दूध गोठलं असन."

"दूध? तुह्या लहान्याले मिशा फुटून राह्यल्या, अन् तुले अजून दूध?" ती हसली नाही. तिने पुन्हा बोटं फिरवली. "कधीपासून हाय?"

मी सांगितलं. तिने तेलाची वाटी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. मग त्याच हाताने मला जवळ ओढलं आणि रडली. मी मात्र त्या दिवशी रडले नाही, मला नुसतीच थंडी वाजत होती.

दवाखाना

बाई, हे आणि मी वाशीमपर्यंत दमणीने, म्हणजे लहान बैलगाडीने, गेलो आणि पुढे आगगाडीने. बायकांचा मिशनचा दवाखाना होता. गावाचं नाव लिहीत नाही. डॉक्टर मडमेला मराठी तोडकं-मोडकं यायचं, म्हणून बोलायचं काम रूथबाई नावाच्या नर्सकडे होतं. रूथबाई आपल्याकडचीच, चेहऱ्याने करारी आणि हाताने हलकी.

मडमेने छाती दाबली, काख दाबली, मग बराच वेळ हात धुतले. रूथबाई म्हणाली, "पूर्ण काढावं लागेल. काखेपर्यंत."

ह्यांनी विचारलं, "अन् नाई काढलं तं?"

रूथबाईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यावर ते समजले आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. माणूस मरणाच्या दारात उभा असला तरी त्याच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. मी म्हणाले, "मंग चोळी कशी बसंल?"

बाई लगेच म्हणाली, "मी शिवीन. आतून गादी घालून अशी शिवीन का कोनाले समजनार नाई. तू जिती राह्य फक्त."

मला धीर आला तो ह्या चोळीच्या बोलण्यानेच.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. तोंडावर कापड ठेवून हुंगायचं औषध दिलं, गोडसर वास आला, आणि जाग आली तेव्हा छातीवर बैल बसल्यासारखं ओझं होतं. डाव्या बाजूला रुंद पट्टा करकचून आवळला होता. काखेखालून रबराची नळी निघून खाटेखालच्या बाटलीत गेली होती. तिच्यातून तांबूस पाणी ठिबकायचं. रूथबाई रोज बाटली उचलून बघायची आणि पाणी कमी झालं की खूश व्हायची. तिने मला समजावलं होतं: मांस काढलं की आत पोकळी राहते. त्या पोकळीत पाणी साचतं. पाणी साचलं की कातडी खालच्या मांसाला चिकटत नाही, आणि मग जखम नासते. म्हणून नळी, म्हणून पट्टा, म्हणून पाणी पिणारा कापूस.

दवाखान्यात दिवस सगळे एकाच साच्याचे. पहाटे झाडणारी फिनेलचा वास घेऊन यायची. मग मिशनची प्रार्थना व्हायची. मला तिच्यातलं फारसं काही समजायचं नाही, पण चाल छान होती. मग पट्टी बदलायची वेळ. ती आली की सगळ्या वॉर्डात एकीचाही आवाज नसायचा. दुपारी बाई आवारात तीन दगडांच्या चुलीवर भाकर थापायची आणि कोरडं पिठलं घेऊन यायची. माझा डावा हात जागचा हलत नव्हता आणि उजव्यात जोर नव्हता, म्हणून ती मला घास भरवायची. छत्तीस वर्षांची मी, तोंड उघडून बसायची.

मी स्वतःची जखम पाहिली नाही. पट्टी सुटली की मान भिंतीकडे करायची. पाहायची ती बाई.

अकराव्या दिवशी मी घरी जायचा हट्ट धरला. रूथबाई म्हणाली, अजून आठ दिवस राहा. शेजारची राहिली. मी राहिले नाही. कापसाची पऱ्हाटी फुटली होती, वेचणी सुरू झाली होती, आणि आजारी असले तरी माझ्यावाचून घर अडलंय असं मला वाटत होतं. निघताना रूथबाईने निळ्या कागदात गुंडाळलेला कापूस दिला आणि बाईला चार गोष्टी सांगितल्या. कापड उकळून घ्यायचं. आधी हात साबणाने धुवायचे. हाच कापूस वापरायचा, संपला तर वाशीमच्या औषधाच्या दुकानातून आणायचा. छाती पखालीसारखी फुगली किंवा ताप आला तर त्याच दिवशी गाडीत बसवायचं. बाईला अक्षरओळख नव्हती, पण चारही गोष्टी तिने वाटेत इतक्यांदा म्हटल्या की दमणीवाल्यालाही पाठ झाल्या असतील.

कापूस

निळ्या कागदातला कापूस सहा दिवसांत संपला.

ह्यांनी दमणी जुंपायला काढली. बाई दारात आडवी आली. "कुठी चालला?"

"वाशीमले. कापूस आनाले."

बाई हसायलाच लागली. "अरे, घरात बोंडाचा ढीग पडून हाय अन् तू कापूस इकत आनतं? काखेत कयसा अन् गावाले वयसा! लोक हासतीन बाप्पा."

मीही हसले. माझी काख तेव्हा टाक्यांनी शिवलेली होती आणि ही काखेतला कळसा काढते, म्हणून जास्तच हसले, इतकी की टाके ओढले. आणि मीच म्हणाले, "खरंच. आपल्या कापसाले काय झालं? सारी दुनिया आपला कापूस नेते." हे वाक्य माझं होतं. पुढे जे झालं ते वाचताना हे विसरू नका.

बाई स्वतः वावरात गेली. दव वाळल्यावर, विहिरीजवळच्या तासातली, म्हणजे ओळीतली, पाकळीला डाग नसलेली बोंडं तिने निवडून वेचली. एकेक सरकी नखाने काढली. धुतलेल्या धोतरावर कापूस पसरून दोन दिवस उन्हात ठेवला आणि पाखरू बसू नये म्हणून शेजारी बसून राहिली. मग उकळलेल्या कापडात त्याच्या गाद्या करून माझ्या जखमेवर बांधल्या. तितका पांढरा आणि मऊ कापूस दवाखान्यातही नव्हता. रोज दोनदा ती पट्टी बदलायची. हात साबणाने धुवायची, बांगड्या तर तिच्या हातात नव्हत्याच. चारांतल्या तीन गोष्टी तिने अक्षरशः पाळल्या.

आठव्या दिवशी ताप आला. पट्टी सोडली तेव्हा कापसाची गादी वरून कोरडी होती आणि तिच्याखाली छाती फुगलेली होती. हात लावला की आत पाणी हलायचं. वास तर मलाही आला. बाईने स्वतः बैल सोडून आणून दमणी जुंपली.

दोन वाट्या

दवाखान्यात पोचल्या पोचल्या रूथबाईने टाका उसवला. काय निघालं ते लिहीत नाही. ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांना भोगायचंय त्यांना आधीच कशाला घाबरवू? काखेजवळची मेलेली कातडी मडमेने कात्रीने काढली. मी ओरडले, तेव्हा माझे पाय बाईने धरले होते.

सगळं झाल्यावर रूथबाईने आमची कापसाची गादी हातात घेतली. "हा कुठला?"

"घरचा हाय," बाई म्हणाली. तेव्हाही तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

रूथबाईने दोन वाट्यांत पाणी घेतलं. एका वाटीत दवाखान्याच्या कापसाची चिमूट टाकली. ती तिथल्या तिथे भिजून तळाला गेली. दुसरीत आमच्या कापसाची टाकली. ती तरंगत राहिली. बोटाने दाबली तरी पुन्हा वर आली. रूथबाई म्हणाली, "कच्च्या कापसाला अंगचा तेलकटपणा असतो. तो पाणी पीत नाही. सोडा घालून उकळला, धुतला, वाळवला, की मग पितो. हा तुम्ही जखमेवर झाकणासारखा ठेवलात, बाई. पाणी आतच राहिलं."

जन्म कापसात गेलेली ती बाई. पेरणी, निंदणी, वेचणी, सगळं तिच्या हाताखालचं. आणि कापूस पाणी पीत नाही हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, कारण कापसाला पाणी पाजायची आमच्यावर कधी वेळच आली नव्हती. त्याला भिजू द्यायचं नाही, एवढंच आम्ही शिकलो होतो. बाई वाकून त्या वाटीत बघत राहिली.

ह्यांनी आयुष्यात एकदाच थोरल्या बहिणीवर आवाज चढवला, तो त्या दिवशी. "तुले सांगतलं होतं ना वाशीमचा आनाचा म्हनून? काहून केलं तुनं असं?"

आणि मी? ताप होता, वेदना होती, हे सगळं खरं. पण मी शुद्धीवर होते. मी म्हणाले, "बाई, मी वाचली असती. तुमच्या हातानं सडली."

बाईने स्वतःचे हात पदरात घेतले आणि ती बाहेर गेली.

पाच महिने

त्यानंतर बाईने मला हात लावला नाही.

रागावली असती तर मी समजावलं असतं. ती रागावली नव्हती. मला पुन्हा दवाखान्यात ठेवून घेतलं होतं; ती आवारातल्या चुलीवर माझ्यासाठी रांधायची, पण ताट ह्यांच्या नाहीतर झाडणारीच्या हाती पाठवायची. मी हाक मारली की दारापर्यंत यायची. "बाई, पट्टी सुटली, जरा बांधा," म्हटलं तर म्हणायची, "रूथबाईले बलावतो. माह्या हाताचं नोको." मी म्हटलं, "बाई, तापात बोलली मी." ती म्हणाली, "तापात मानूस खरंच बोलते."

तिने रूथबाईकडून कापूस उकळायला शिकून घेतलं. ह्यांना सांगून घरून दोन गाठोडी कापूस मागवला. आवारात मोठं घमेलं मांडून सोड्याच्या पाण्यात तो तासन्‌तास उकळायची, सात पाण्यांनी धुवायची, दोरीवर पातळ पसरून वाळवायची. मग प्रत्येक मुठीतली चिमूट वाटीतल्या पाण्यात टाकून बघायची. बुडाली तरच ती मूठ डब्यात जायची. तिचा कापूस वॉर्डातल्या सगळ्या बायकांच्या जखमांना लागला. माझ्या खाटेजवळ रूथबाई तो डबा घेऊन आली की बाई म्हणायची, "तिले तुमचा कंपनीचा लावा." रूथबाई हसून म्हणायची, "अहो, हा कंपनीहून चांगला आहे." पण बाई ऐकायची नाही. ती तिथे उभी राहायची, दुसरा कापूस निघेपर्यंत.

जखम खालून भरत आली पाहिजे, वरून नाही, असं रूथबाई सांगायची. म्हणून रोज तिच्यात औषधाच्या पाण्यात भिजवलेली पट्टी खोल भरायची. पाण्याला चुन्यासारखा वास यायचा. रोज थोडी पट्टी कमी लागायची. कधी दोन दिवस तेवढीच लागायची, आणि तेव्हा मी देवाला शिव्या द्यायची. तीन महिन्यांनी घरी सोडलं. उरलेली पट्टी मग माझी मीच बांधली, एका हाताने आणि दाताने. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम होता. बाई उंबऱ्यात बसून पाहायची. बोटं कालच्यापेक्षा खाली राहिली की ती उठून जायची.

ऐन उन्हाळ्यात जखम पुरती भरली. मी आनंदाने बाईकडे गेले. तिने पाहिलं, मान हलवली आणि म्हणाली, "देव पावला." चोळीही तिने शिवली होती, आतून गादीची. ती खुंटीवर अडकवून ठेवली होती. माझ्या हातात दिली नाही.

पावसाळ्यात बाईला हिवताप झाला. आधीच वाळलेली होती, नवव्या दिवशी बोलणंही कमी झालं. मी तिच्याजवळ बसले आणि तिचा हात हातात घेतला. तिने तो हळूच सोडवून गोधडीत घातला.

"बाई, माह्यं चुकलं. कापूस घरचाच घ्या, असं मीच म्हनली होती. तुमाले आठवत नाई का?"

"आठवते," ती म्हणाली. "पन बांधला तं मी ना, माय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मोठी मी होती."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

उरलेलं अर्धं

पुढच्या वर्षी तपासणीला गेले. मडमेने छाती-काख दाबून पाहिली, चांगलं आहे म्हणाली. रूथबाईच्या हाताखाली दोन नव्या मुली शिकत होत्या. तिने त्यांना माझा व्रण दाखवला आणि काखेजवळच्या खड्ड्यावर बोट ठेवून सांगितलं, "इथे कातडी कमी पडली होती, ताणून शिवली. अशी ताणली की कडेला रक्त पोचत नाही. पहिल्या आठवड्यातच ही कड काळी पडली होती. अशी दिसली तर लक्ष ठेवायचं."

मी विचारलं, "कोणत्या पहिल्या आठवड्यात?"

"तुम्ही इथे होता तेव्हा. घरी जायच्या आधी. म्हणून तर राहा म्हणत होते. तुमच्या बाईंना ती खपली वाटली असेल."

"मग कापूस?"

"कापसाने पाणी आत राहिलं, तेवढा त्रास वाढला. पण कापूस कुठलाही असता तरी ही जागा उलणारच होती." ती मुलींकडे वळत होती, माझं तोंड पाहून थांबली. "बाई कुठे आहेत? आल्या नाहीत?"

बाई गेली, आणि त्या दिवसानंतर तिने मला कधी हात लावला नाही, हे मी सांगितलं. आणि विचारलं, त्या दिवशी तिच्यासमोर हे का नाही सांगितलं?

रूथबाई खाटेवर माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "मी कापसाचंच सांगत होते. पुढच्या कुणी चुकू नये म्हणून. त्या एवढं मनाला लावून घेतील असं मला..." तिचा राग करावा असं फार वाटलं, पण जमलं नाही. तिने वाटी दाखवली होती. हात सडवणारे आहेत असं ती म्हणाली नव्हती. ते मी म्हणाले होते.

ज्या बाईवर ही वेळ येईल तिने एवढं करावं. गाठ लपवू नये. नर्स म्हणेल तेवढे दिवस राहावं, वेचणी कुणासाठी अडत नाही. जखम स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, भिंतीकडे मान करू नये. कड काळी दिसली तर ती खपली समजू नये. कापूस पाण्यात टाकून बघावा. आणि जखम बिघडली तर जिने पट्टी बांधली तिला काही बोलायच्या आधी, बिघाड कुठून सुरू झाला ते डॉक्टरला विचारावं. मी विचारलं नाही. एका प्रश्नाने भागलं असतं.

त्या दिवशी घरी पोचले तेव्हा हे अंगणात बैलांना पाणी दाखवत होते. म्हणाले, "काय म्हनते मडम?"

"चांगली भरली म्हनते."

"बस, इतकंच?"

"इतकंच."

त्यांनी बहिणीवर तो एकदाच आवाज चढवला होता. तिची चूक नव्हती हे मी सांगितलं, तर त्या एका वेळेचं ते काय करतील, हे मला कळेना. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत सहा महिने गेले. त्यांना वाचता येतं. आज हे कागद त्यांच्या उशाशी ठेवते आहे.